थांबण्याची मुभा

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला हृदयविकार असल्याचे निष्पन्न झाले की, तो माणूस रुग्णालयातून घरी परततो न परततो तोच त्याच्या हालचालींवर एकामागून एक मनाई हुकूम जारी होऊ लागतात. आणि ते हुकूम इतक्या मायेने व इतक्या एकमताने काढलेले असतात की, त्यांवर अपील करावे असे त्या जिवाच्या मनातही येत नाही. जिना चढावयाचा नाही, भाजीला जावयाचे नाही, देवळात गेल्यास प्रदक्षिणा घालावयाची नाही, तांब्याभर पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यावयाचे नाही. वडिलांच्या वाट्याला येणारा हा बंदोबस्त मी अनेक घरांतून पाहिलेला आहे. आईच्या वाट्याला मात्र जे येते ते याहून पुष्कळ निराळे असते, आणि त्याचा विचार आपण अद्याप पुरेसा केलेला नाही असे मला मनापासून वाटते.

माझी आई सत्तरी ओलांडलेली आहे आणि तिचे सारे संसारी आयुष्य साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे चढत जाणाऱ्या वस्तीत गेलेले आहे. एका संध्याकाळी तिची पाठ भरून आली, जबड्यात ओढ लागली, मळमळू लागले. पित्त झाले असेल अशा समजुतीने तिने आल्याचा रस घेतला, भाकऱ्या पुऱ्या केल्या, सर्वांना वाढले, आणि मग ती जी आडवी झाली ती रात्री रुग्णालयात नेईपर्यंत उठली नाही. हृदयाच्या झटक्यात छातीतील कळ हेच स्त्रीपुरुष दोघांचेही मुख्य लक्षण असले तरी धाप, मळमळ, पाठदुखी, विलक्षण थकवा ही त्या कळेसोबतची लक्षणे स्त्रियांत अधिक वेळा आढळतात, आणि म्हणूनच बायकांचा विकार पित्ताच्या खाती जमा होण्याचा संभव अधिक असतो. आईच्या एका रोहिणीतील अडथळा काढून तेथे स्टेंट बसविण्यात आला. घरी आली तेव्हा तिच्या एकोच्या कागदावर पंपिंग चाळीस टक्के असे लिहिलेले होते, आणि भेटीला येणारा प्रत्येक आप्त त्या आकड्याचा अर्थ हृदयाचा साठ टक्के भाग निकामी झाला असा लावून हळहळत होता. वस्तुतः निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला आपल्या कप्प्यातील सगळे रक्त बाहेर टाकीत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच टाकते. चाळीस हा आकडा कमी खरा. परंतु तो शंभरातून वजा करावयाचा नसतो, ही गोष्ट एवढ्या भेटींत एकानेही तिला सांगितली नाही.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून काढलेल्या हयातीला साजेशा स्पष्टपणे ताकीद दिली, "आता तू घराबाहेर पाऊल टाकायचं नाही." मैत्रिणींबरोबर संध्याकाळी देवळापर्यंत जाण्याचा तिचा परिपाठ बंद झाला, कारण वाटेत चढ होता. परंतु स्वयंपाकाचा ओटा, मोरीतली भरलेली बादली, वरच्या फळीवरचे डबे आणि उंच दांडीवर वाळत घालावयाचे कपडे यांचा त्या ताकिदीत उल्लेखच नव्हता. यात अण्णांचा निष्ठुरपणा मुळीच नव्हता; तिच्या आजाराने ते पार खचून गेलेले होते. पण जी कामे कोणाच्याही दप्तरी श्रम म्हणून कधी नोंदली गेली नाहीत, त्यांना मनाई तरी कशी व्हावी? जमिनीवरून भरली बादली उचलताना माणूस नकळत श्वास कोंडतो आणि स्नायू आवळतो, त्यासरशी रक्तदाब एकाएकी चढतो. आणि हातांनी केलेले काम, विशेषतः हात डोक्याच्या वर नेऊन केलेले, तेवढ्याच मापाच्या पायांच्या कामापेक्षा नाडी व दाब दोन्ही अधिक वाढविते. म्हणजे जे चालणे तिला हितकर होते ते बंद पडले आणि जे उचलणे अहितकर होते ते निर्वेध चालू राहिले. शिवाय घरकामाचा आणखी एक दोष असा की, त्याला मध्येच सोडता येत नाही. दूध उतू जाण्याच्या बेतात असताना छातीत भरून आले तर बाई आधी दूध उतरवते आणि मग टेकायला जागा शोधते.

हृदयरुग्णाने हालचाल करावी की निश्चल पडून राहावे, हा वाद वैद्यकाच्या इतिहासात बराच जुना आहे. लंडनमधील विल्यम हेबर्डन या वैद्याने १७६८ साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे छातीतील एका विशिष्ट कळेचे वर्णन वाचले. ही कळ चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर लगेच चालताना येते व उभे राहताच ओसरते, हे त्याचे निरीक्षण इतके अचूक होते की आजही त्यात बदल करावा लागत नाही. त्याच्या मृत्यूनंतर १८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने पाहिलेल्या सुमारे शंभर रुग्णांचा हिशेब आहे, आणि त्यांत स्त्रिया अवघ्या तीन. उरलेल्या स्त्रिया निरोगी होत्या, की त्या वैद्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत, हा प्रश्न तो हिशेब वाचताना माझ्या मनातून हलत नाही. त्याच ग्रंथात एका रुग्णाने रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापण्याचे काम स्वतःवर लादून घेतले आणि तो जवळजवळ बरा झाला, अशी एक छोटी नोंद आहे. तिच्याकडे पुढे दीर्घकाळ कोणी फारसे लक्ष दिले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयाचा झटका आलेल्या माणसाला सहा सहा आठवडे खाटेवर निजवून ठेवण्याची वहिवाट होती. बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या दोघांनी १९५२ साली अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसविण्याच्या उपचाराची हकीकत प्रसिद्ध केली तेव्हा ते मोठेच धाडस वाटले होते. पुढल्याच वर्षी जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास मांडला, आणि दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हा विकार कमी होतो असे दाखविले. तो अभ्यासही पुरुषांचाच होता.

या साऱ्या संशोधनांत मला सर्वांत अंतर्मुख करणारे वाटते ते १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे झालेले. पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले आणि त्यांची श्रमशक्ती मोजण्यात आली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा असे दिसले की, तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांच्या शक्तीची जेवढी हानी केली नव्हती तेवढी तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केली होती. विशी-बाविशीतल्या धडधाकट देहाची ही कथा. मग सत्तरीतल्या आजारी देहाला आपण मायेपोटी महिनोन् महिने पलंगावर बसवून ठेवतो तेव्हा त्याच्या मांड्यांचे, पोटऱ्यांचे आणि उमेदीचे काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

चालण्याने नेमके काय साधते, हेही समजून घेण्यासारखे आहे. हृदयाचा जो भाग झटक्यात मृत झाला तो चालण्याने सजीव होत नाही, आणि पंपिंगचा आकडा कित्येकदा जागचा फारसा हलतही नाही. तरीही माणसाची धाप कमी होते, याचे कारण पायांच्या स्नायूंत आहे. नियमित चालणाऱ्या माणसाचे स्नायू आलेल्या रक्तातून प्राणवायू अधिक कुशलतेने काढून घेऊ लागतात, रक्तवाहिन्या प्रसंगानुसार सैलावू लागतात, आणि तेवढ्याच जिन्यासाठी हृदयाला पूर्वीपेक्षा कमी ठोके द्यावे लागतात. एका रुग्णाईत हृदयाला विसावा मिळावा म्हणून साऱ्या शरीराने आपापला भार थोडा अधिक उचलावा, अशी ही व्यवस्था आहे, आणि ती मला फार सुंदर वाटते.

अर्थात हे सगळे वैद्याच्या परवानगीनंतरचे. बसल्या जागी छातीत दुखत असेल, पूर्वी चढावर येणारी कळ आता सपाटीवर येऊ लागली असेल, पायांवर सूज चढत असेल, महारोहिणीची झडप फार अरुंद झालेली असेल, ठोक्यांची अनियमितता औषधाने आटोक्यात आली नसेल, किंवा साधा ताप असेल, तर व्यायामाचे नावही काढू नये. आईची प्रकृती स्थिरावल्यावर तिला रुग्णालयाच्या सपाट बोळातून सहा मिनिटे चालावयास सांगितले, किती अंतर झाले ते मोजले, मधून मधून तिचा दाब आणि नाडी पाहिली, आणि त्यावरून तिच्या चालण्याचे माप ठरविले. खरे तर हृदयविकाराच्या प्रत्येक रुग्णाला असे देखरेखीखालील पुनर्वसन मिळावयास हवे. परंतु स्त्रियांना त्यासाठी पाठविण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असते, असे अनेक देशांत आढळून आलेले आहे. आपल्याकडे तर "ती दिवसभर घरात कामच करते, तिला निराळा व्यायाम कशाला?" हे वाक्य सुशिक्षित घरांतूनही सहज ऐकू येते.

परवानगी मिळाली, पण खरी अडचण पुढेच होती. आई म्हणाली, "अगं, काही काम नसताना रस्त्यानं नुसतं हिंडायचं, म्हणजे लोक काय म्हणतील?" तिच्या पिढीतील स्त्री घराबाहेर पडते ती देवाच्या, भाजीच्या, हळदीकुंकवाच्या नाहीतर कोणाच्या आजाराच्या निमित्ताने; केवळ आपल्या देहासाठी, हातात पिशवीसुद्धा न घेता रस्त्याने चालणे हे तिला एक प्रकारचे अमर्याद वर्तन वाटते. तिच्या या संकोचाला मी हसले नाही आणि कोणीही हसू नये. पन्नास वर्षांच्या सवयीने घडलेली ती मर्यादा आहे, आणि ती ओलांडावयाची तर सोबत हवी. प्रारंभी मी तिच्यासोबत जात असे. पुढे तिच्या वयाच्या दोघी जणी मिळाल्या.

दुसरी अडचण साताऱ्याच्या भूमीची. हे गाव किल्ल्याच्या उतारावर वसलेले. येथे राजपथावरून वरच्या आळीत जावयाचे म्हटले तरी चढ लागतो. चढावर चालण्याचा वेग तोच ठेवला तरी श्रम कितीतरी वाढतात, आणि उंचावर घर असलेल्याची गोम अशी की जाताना उतार लागतो म्हणून हुरूप येतो व दमल्यावर परतताना चढ समोर उभा राहतो. म्हणून रिक्षाने खाली उतरून एस. टी. स्थानकाजवळच्या शाहू स्टेडियमवर चालावे आणि रिक्षानेच परतावे, असे आम्ही ठरविले. चालण्यासाठी रिक्षाचे भाडे खर्च करणे अण्णांना प्रथम विसंगत वाटले; पण हेबर्डनने लिहिलेले चढाचे आणि जेवणाचे ते निरीक्षण मी त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांनी ते मान्य केले. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावयाचे. मार्गशीर्ष-पौषात साताऱ्याचा पहाटवारा अंगाला झोंबतो, आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसून हृदयावरचा भार वाढतो. त्या दिवसांत उन्हे चांगली वर आल्यावरच बाहेर पडावयाचे. प्रारंभी पाच-सात मिनिटे अगदी रमतगमत, मग जरा वेगाने, आणि शेवटी पुन्हा तितकीच मिनिटे संथपणे. कारण वेगाने चालता चालता माणूस एकदम उभा राहिला तर पायांतील रक्त तेथेच साचते, मेंदूकडे कमी जाते आणि भोवळ येते. मधल्या वेगाच्या चालण्याचा पाच मिनिटांपासून आरंभ करून आठवड्याला थोडी थोडी भर घालीत, बाधणार नाही अशा बेताने, आठवड्यातून दीडशे मिनिटांपर्यंत पोहोचावे; दीडशे मिनिटे हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रौढांसाठीचे किमान माप आहे. पण ते माप गाठले नाही म्हणून कोणत्याही आईने खंत करू नये, कारण काहीच न चालण्यापेक्षा थोडे चालणे निश्चितपणे हितावह आहे.

वेग योग्य आहे हे ओळखावे कसे? माझ्या भाच्याने आजीच्या मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ बांधले. परंतु हृदयरुग्णांना नाडी मंद ठेवणारी जी गोळी बहुधा दिलेली असते तिच्यामुळे श्रम वाढले तरी ठोके फारसे वाढत नाहीत, आणि घड्याळातील आकडा पाहून निर्धास्त राहणे धोक्याचे ठरते. त्याहून विश्वासार्ह खूण बोलण्याची: चालताना सोबतिणीशी पुऱ्या वाक्यात बोलता आले पाहिजे, मात्र गाणे म्हणता येऊ नये. वाक्य मध्येच तुटू लागले की वेग जास्त झाला. मला आश्चर्य वाटले ते याच जातीची एक खूण सुश्रुतसंहितेत सापडते याचे. व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच करावा असे सांगून तो ग्रंथ त्या निम्म्या शक्तीची ओळख देतो ती अशी की, हृदयस्थानीचा वायू मुखाशी येऊ लागतो, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागतो. वाग्भटाचे अष्टांगहृदयही अर्ध्या शक्तीचेच माप देते. मात्र ते बलवानांसाठी, आणि वृद्धांनी व्यायाम टाळावा असेही तेथे म्हटलेले आहे. या शेवटल्या विधानाशी आजचे वैद्यक सहमत नाही आणि मीही नाही. पण निम्मी शक्ती शिल्लक राखूनच थांबावे हे सूत्र अण्णांना फार पटले. सरकारी हिशेबात आयुष्य गेलेल्या त्या माणसाने तेव्हापासून आईच्या चालण्याची एक वही घातलेली आहे, आणि तीत रोज सकाळचे वजन, चाललेली मिनिटे आणि वाटेत काय वाटले याची नोंद असते. वजनाची नोंद अत्यंत महत्त्वाची आहे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ते अन्नाचे नसते, अंगात पाणी साचत असते, आणि त्या दिवशी चालावयास न जाता वैद्याला कळवावयाचे असते.

आमचा जिल्हा सूर्यनमस्काराचा. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या व्यायामाचा जेवढा प्रसार केला तेवढा क्वचितच कोणी केला असेल, आणि त्याचा अभिमान आम्हां सर्वांना आहे. त्यामुळे आईला भेटावयास आलेल्या कित्येकांनी तिला नमस्कार घालण्याचा आग्रह केला. निरोगी देहाला तो व्यायाम उत्तम आहे. पण डोके वारंवार खाली-वर करणारी आणि हातांवर देहाचा भार घेणारी ती जलद आवर्तने नुकत्याच सावरलेल्या हृदयाला मानवतीलच असे नाही. तीच गोष्ट श्वास कोंडून धरणाऱ्या कुंभकाची आणि जोरजोराने श्वास फेकणाऱ्या प्रकारांची. याचा अर्थ योगाभ्यास वर्ज्य असा मुळीच नाही. भारतातील चोवीस रुग्णालयांत सुमारे चार हजार हृदयरुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्यासाठी बेतलेला सौम्य योगाभ्यास निर्धोक असल्याचे व त्याने रुग्ण आपल्या दैनंदिन व्यवहाराकडे अधिक चांगल्या रीतीने परतल्याचे दिसून आले. आई खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठते आणि बसते, उठताना श्वास सोडते. ओट्याला धरून टाचा उचलते. एवढ्याने तिच्या मांड्यांत बळ आले आणि तोल सुधारला.

परंतु तिच्यात जो बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्नायूंचा नाही. चालताना तिला एकदा छातीत जड वाटले तेव्हा ती सरळ बाकावर जाऊन बसली आणि सोबतिणींना म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी बसते जरा." आयुष्यात प्रथमच तिने हाती घेतलेले काम, स्वतःला बरे वाटत नाही एवढ्याच कारणावरून, मध्येच टाकून दिले. वैद्यांनी शिकविल्याप्रमाणे तिने बसूनच जिभेखाली गोळी ठेवली, कारण त्या गोळीने दाब उतरतो आणि उभ्याने घेतल्यास माणूस कोसळू शकतो. पाच मिनिटांच्या आत जडपणा ओसरला. ओसरला नसता तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावयाची हे तिघींनाही पाठ होते. घरी येऊन तिने ते अण्णांना आपण होऊन सांगितले आणि वहीत लिहून घ्यावयास लावले. सुरक्षित व्यायाम म्हणजे ज्यात केव्हाही थांबता येते असे श्रम, अशी माझी तरी समजूत त्या दिवशी पक्की झाली. आपल्या आयांना श्रमांची वाण कधीच नव्हती. नव्हती ती थांबण्याची मुभा.

ती मुभा घरात आल्यावाचून केवळ मैदानावर टिकत नाही. आमच्या घरी आता बादली अर्धीच भरली जाते आणि तीही दुसरे कोणी उचलते, डबे कमरेच्या उंचीवर आले आहेत, कपड्यांची दांडी खाली उतरविली आहे, आणि सकाळचे दूध अण्णा तापवितात.

ज्यांच्या घरी अशी आई आहे त्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या खेपेस वैद्यांकडे जाल तेव्हा तिला बाहेरच्या बाकावर बसवून आत जाऊ नका. तिने किती चालावे, कोणत्या वेगाने, कोणत्या लक्षणावर थांबावे आणि घरातील कोणती कामे तिने यापुढे करू नयेत, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या, तिच्या देखत विचारा, आणि उत्तरे वैद्यांनी तिलाच द्यावीत असे सांगा.